वाचकांचे प्रश्न : मागच्या डिफचं तेल कुठलं टाकायचं आणि कसं बदलायचं

मागच्या अंकात ब्रेक फ्लुइडवर लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती, की ज्यांच्या गाडीला ताकद मागच्या चाकांना जाते त्यांनी डिफरेंशियलचं (म्हणजे डिफचं, मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा आणि वळणावर त्यांना वेगवेगळं फिरू देणारा तो गिअरचा डबा) तेल शेवटचं कधी बदललं ते जरा आठवून बघा. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की या वेळी सगळं पान त्यालाच दिलंय. बरं वाटलं, कारण इंदूरला देवास नाक्याच्या आमच्या बाजूला ट्रकवाले मिस्त्री ज्याला डिफेंसर म्हणतात त्याची काळजी ट्रकवाले न चुकता घेतात, आणि चाळीस-पन्नास लाखांची गाडी घेणारा माणूस मात्र इंजिन ऑइलचा ब्रँड तोंडपाठ सांगतो पण मागे एक लिटरभर तेल पडलंय हेच त्याला माहीत नसतं.

प्रश्न : काका नमस्कार, माझ्याकडे २०१७ची मस्टँग जीटी आहे, सेकंड हँड घेतलेली, आता ४१ हजार किलोमीटर झालेत. गेल्या महिन्यात एका बाहेरच्या गॅरेजमध्ये मागच्या डिफचं तेल बदलून घेतलं आणि तेव्हापासून पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू गाडी काढली की मागून कटकट कटकट आवाज येतो, सीटखाली थरथर पण जाणवते. सरळ रस्त्याला काहीच नाही. बिलावर फक्त "गिअर ऑइल ८०-९०" लिहिलंय. मिस्त्री म्हणतोय क्राउन-पिनियन गेला, डिफ खाली उतरवावा लागेल. काय करू? (विजयनगर, इंदूर)

उत्तर : डिफ उतरवू देऊ नका दादा, निदान आत्ता तरी नाही. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला नव्वद टक्के खात्री आहे की गिअर (क्राउन-पिनियन म्हणजे डिफमधली मोठ्या आणि लहान गिअरची जोडी) शाबूत आहेत आणि तेल चुकलंय.

तुमच्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफ आहे, तोही प्लेटवाला. म्हणजे आत क्लचसारख्या पातळ प्लेटा एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात, एक चाक घसरायला लागलं की या प्लेटा ताकद दुसऱ्या चाकाकडे ओढून नेतात. आता वळणावर काय होतं, बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, म्हणजे त्या प्लेटांना एकमेकींवरून सरकावंच लागतं, आणि त्यांनी अलगद सरकावं म्हणून तेलात एक वेगळं औषध घालतात, त्याला फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. ते नसलं की प्लेटा चिकटतात, सुटतात, परत चिकटतात, आणि तेच तुम्हाला कटकट म्हणून ऐकू येतं. म्हणूनच हळू आणि पूर्ण वळणावर येतं, सरळ रस्त्यावर येत नाही. क्राउन-पिनियन बिघडला असता तर त्याची भाषाच वेगळी असते, तो सरळ रस्त्यावर ६०-८०च्या स्पीडला घूँ करून ओरडतो आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाजाचा सूर बदलतो.

या गाडीला कंपनीने ७५डब्ल्यू-८५ (हा तेलाच्या जाडीचा ग्रेड) सिंथेटिक सांगितलंय आणि लिमिटेड स्लिपसाठी वरून मोटरक्राफ्टचं एक्सएल-३ फ्रिक्शन मॉडिफायर. तुमच्याकडे साधं ८०-९० गेलंय, मॉडिफायर बहुतेक गेलंच नाही. तेव्हा हे तेल पूर्ण काढा (एकच महिना झालाय, पैसे गेले म्हणून वाईट वाटेल, पण ठेवू नका), बरोबर ग्रेडचं भरा, मॉडिफायर मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच घाला. मग एखाद्या मोकळ्या मैदानात नेऊन अगदी हळू मराठी चारचा आकडा काढतो तशा गिरक्या घ्या, डावीकडून दहा आणि उजवीकडून दहा, म्हणजे नवीन तेल प्लेटांच्या मध्ये शिरेल. पहिल्या काही गिरक्यांत आवाज येईल, घाबरू नका. तरी थोडा उरलाच तर मॉडिफायर अजून थोडंसं वाढवता येतं, पण पोह्यांवर जिरावण मसाला घालतो तसं, चिमटीने, कारण जास्त झालं की प्लेटा इतक्या गुळगुळीत सरकतात की लिमिटेड स्लिप असून नसल्यासारखा होतो आणि पावसात एकच चाक जागच्या जागी फिरत बसतं.

आणि एक, काही गिअर ऑइलमध्ये मॉडिफायर आधीच मिसळलेलं असतं, डब्यावर लिमिटेड स्लिप किंवा एलएस लिहिलेलं असतं. त्यात परत बाटली ओतू नका.

प्रश्न : माझ्याकडे बीएमडब्ल्यू एम२ आहे. आमच्या ग्रुपला पीथमपूरच्या नॅट्रॅक्सवर गाड्या पळवायला मिळणार आहेत. इंदूरला मे महिन्यात ४३ डिग्री जातं, वर ट्रॅकची गरमी, तर मागच्या डिफला ७५डब्ल्यू-९० ऐवजी जाड १४० टाकून घेऊ का? मित्र म्हणतात जाड तेल म्हणजे जास्त सेफ्टी. (निपानिया, इंदूर)

उत्तर : हा "जाड म्हणजे चांगलं" समज आपल्याकडे फार खोल रुजलाय आणि तो जुन्या जीप-ट्रकच्या काळातून आलाय. आधी ९० आणि १४० म्हणजे काय ते बघा. गिअर ऑइलचे हे आकडे एसएई जे३०६ नावाच्या स्टँडर्डमधून येतात. ९० ग्रेडचं तेल १०० डिग्रीला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स एवढं जाड असतं, आणि १४० म्हणजे २४ ते ३२.५. म्हणजे तुम्ही जवळजवळ दुप्पट जाड तेल टाकायचं म्हणताय. (हे आकडे इंजिन ऑइलशी लावू नका हं, त्यांची पट्टीच वेगळी आहे, ९०चं गिअर ऑइल साधारण ४० नाहीतर ५०च्या इंजिन ऑइलएवढंच जाड असतं. पुष्कळ लोकांना वाटतं ९० म्हणजे डांबर.)

बाहेर ४३ आहे की ३३ याने डिफला तुम्हाला वाटतं तेवढा फरक पडत नाही, कारण जोरात चालवताना आतलं तेल शंभरच्या आसपास आणि ट्रॅकवर त्याच्याही वर जातं. फरक पडतो तो किती वेळ सलग लोड राहतो याने. नॅट्रॅक्सचा हाय-स्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे, तिथे पाय दाबून ठेवला की सुटत नाही, बायपासवर तुम्ही दहा सेकंद जोर लावता तर इथे मिनिटामागून मिनिटं लावता. जाड तेलाने गिअरच्या दातांमधला थर जाड राहतो हे खरं, पण तेच तेल घुसळायला ताकद जास्त लागते आणि त्या घुसळण्यानेच ते अजून तापतं, शिवाय लहान बेअरिंगांच्या फटीत जायला त्याला वेळ लागतो.

म्हणून ग्रेड ठरवायचा तो डिफ बनवणाऱ्याने काय सांगितलंय त्यावरून. तुमच्या गाडीत साधा प्लेटवाला नाहीये, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा ॲक्टिव्ह एम डिफ आहे, त्यात मोटर प्लेटांवर किती दाब द्यायचा ते ठरवते आणि तो सगळा हिशोब ठरावीक तेलाच्या घर्षणावर बसवलेला असतो. तिथे बाजारातलं कुठलंही १४० टाकलं की हिशोबच बदलला. त्याच कंपनीने ई४६ पिढीच्या एम३ला स्वतःच ७५डब्ल्यू-१४० दिलं होतं, मॉडिफायर घातलेलं, म्हणजे १४० वाईट आहे असं नाही, त्या डिफला ते हवं होतं. तुमच्या डिफला जे सांगितलंय तेच भरा. फक्त ट्रॅकवर जायच्या आधी ताजं भरा, आणि असे दोन-तीन दिवस झाले की काढून बघा. काळं आणि जळकं आलं तर बदलायची मुदत आणखी कमी करा. माझ्या हिशोबाने ट्रॅकवाल्या गाडीला १०-१५ हजार किलोमीटरच्या पुढे हे तेल ठेवू नये.

प्रश्न : ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, मागच्या डिफचं तेल कितीला बदलायचं? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : तुमच्या गाडीत मागे डिफच नाही. आपल्याकडे आलेल्या व्हीआरएस पुढच्या चाकांवर चालतात, डिफ गिअरबॉक्सच्या पोटातच असतो. मागे तेल बदललं म्हणून कोणी बिल दिलं असेल तर ते बिल घेऊन परत जा. चारही चाकांवर चालणारी कोडियॅक ज्यांच्याकडे असेल त्यांनी मात्र लक्षात ठेवा, मागे दोन वेगळी तेलं असतात, एक डिफचं आणि एक त्याच्यापुढे बसलेल्या हॅल्डेक्स कपलिंगचं (गरज पडली की मागच्या चाकांना ताकद जोडतं ते). दोन्हीचं तेल वेगळं, भरायची जागा वेगळी. हॅल्डेक्सचं दर तीन वर्षांनी बदला आणि त्याच्या पंपाची जाळी साफ करून घ्या, ती चोंदली की पंप जातो, आणि मागची चाकं कामाच्या वेळी नुसती ओढली जातात.

प्रश्न : काका, बीएमडब्ल्यू ३३०आय आहे, ७२ हजार झालेत. सर्व्हिसवाले म्हणतात डिफ ऑइल लाइफटाइम आहे, हात लावू नका. इंटरनेटवर सगळे म्हणतात बदला. कोणाचं ऐकू? आणि वॉरंटीचं काय? (रामबाग, इंदूर)

उत्तर : या प्रश्नाची चार पत्रं आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफ, हा प्रश्न आधी विचारायला हवा. कंपनी गाडी डिझाइन करताना एक आयुष्य धरते, तेवढ्या आयुष्यात बहुतेक गाड्यांचा डिफ त्याच तेलावर निघून जातो, आणि पहिल्या मालकाला सर्व्हिसचा खर्च कमी दिसतो. त्यात खोटं काही नाही. पण तुम्हाला गाडी दीड-दोन लाख किलोमीटर ठेवायची असेल तर तुमचं आणि कंपनीचं गणित एक राहत नाही.

आत काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणा. मागच्या डिफमध्ये पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यावर नसतो, मध्यापासून सरकवलेला असतो, याला हायपॉइड म्हणतात. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत पण जातात, आणि तेही इतक्या दाबाखाली की साधं तेल तिथून पिळून बाहेरच निघेल. म्हणून यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं असतात, ती गरम झाली की लोखंडावर स्वतःचा एक पातळ थर तयार करतात आणि तो थर दातांच्या ऐवजी झिजतो. डब्याचं झाकण उघडलं की तो जो उग्र वास येतो ना, तो याचाच. आता हा थर झिजतो म्हणजे रसायन खर्च होतंय. इंजिनाला फिल्टर असतो, डिफला नसतो, जे काही झिजलं ते त्याच तेलात फिरत राहतं, चुंबक असेल तर थोडं पकडतो, बाकीचं बेअरिंगातून जातं. आणि एवढं सगळं फक्त एक लिटरच्या आसपास तेलात.

शिवाय बघा, त्याच कंपनीच्या एम गाड्यांना पहिल्या २००० किलोमीटरला रनिंग-इन सर्व्हिस असते आणि त्यात मागच्या डिफचं तेल बदलतात. कारण नवीन गिअर एकमेकांत बसताना सुरुवातीलाच सगळ्यात जास्त भुकटी सोडतात. ३३०आयचे गिअर पण लोखंडाचेच आहेत, फक्त तिथे लोड कमी आहे म्हणून कंपनी ते सोडून देते.

मी स्वतः असे लाइफटाइमवाले डिफ ७०-८० हजारांना खाली केलेत. आणताना मालक म्हणतो गाडी एकदम सायलेंट आहे, आणि बाहेर येतं ते काळं, पाण्यासारखं पातळ झालेलं, चमकीवालं तेल. तो डिफ बंद पडणार होता असं मी म्हणणार नाही. पण ते तेल बघितल्यावर एकानेही मला परत तेच आत घाला असं म्हटलेलं नाही.

तेव्हा बदला. ७२ हजार झालेत, आता एकदा आणि पुढे दर ५०-६० हजारांना नाहीतर पाच वर्षांनी, जे आधी येईल ते. हा माझा आकडा आहे, कंपनीचा नाही. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये स्वतःच्या खर्चाने करून मागा, लेखी मागितलं की करतात, बिलावर तेलाचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा. एक गोष्ट मिस्त्रीला आधीच विचारा : पुष्कळ नव्या बीएमडब्ल्यूंना डिफला खाली ड्रेनचा बोल्ट दिलेलाच नसतो, फक्त भरायचा असतो, त्यामुळे त्यातूनच पातळ नळी आत घालून तेल ओढून काढावं लागतं. ते गरम असताना आणि धीराने केलं तरच नीट निघतं. दहा मिनिटांत झालं म्हणाला तर समजा अर्धं आतच राहिलंय.

प्रश्न : डिफचं उरलेलं जीएल-५ तेल मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये चालेल का? दोन्हीवर ७५डब्ल्यू-९०च लिहिलंय. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : नाही. ७५डब्ल्यू-९० म्हणजे फक्त जाडी, जीएल-४ आणि जीएल-५ म्हणजे आतलं औषध किती कडक ते. जीएल-५मध्ये दाबाची रसायनं जवळजवळ दुप्पट असतात आणि त्यातलं गंधक गिअरबॉक्समधल्या पितळेच्या सिंक्रोनायझर रिंगांना खाऊ शकतं. उलटं तर अजिबात करू नका, हायपॉइड डिफमध्ये जीएल-४ म्हणजे दात लवकर घालवण्याचा रस्ता. उरलेलं तेल झाकण घट्ट लावून ठेवा, पुढे टॉप-अपला लागेल.

प्रश्न : मर्सिडीज सी क्लास मागून ७० च्या पुढे हमिंग करते, पाय सोडला की आवाज कमी होतो. जाड तेल किंवा ॲडिटिव्ह टाकून बसेल का? (ग्वाल्हेर)

उत्तर : आवाज दबेल, दुखणं तसंच राहील, आणि मग एक दिवस पूर्ण डिफच नवीन बसवावा लागेल. ॲक्सिलरेटरबरोबर आवाज बदलतोय म्हणजे संशय पिनियनच्या बेअरिंगवर किंवा क्राउन-पिनियनच्या बसणीवर घ्यायचा. तो आवाज गाडी डावी-उजवी झुकवल्यावर बदलत असता तर मी व्हील बेअरिंग म्हणालो असतो. आधी तेलाची लेव्हल बघा, कमी असेल तर पिनियनच्या सीलला गळती आहे का बघा, आणि डिफच्या वरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) चोंदलाय का ते पण बघा, कारण ब्रीदर बंद झाला की आत हवा तापून दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकलतं, लोक बिचारे तीन तीन वेळा सील बदलतात आणि ब्रीदर कोणी बघत नाही. त्यानंतर जो माणूस शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजतो अशाच मिस्त्रीकडे द्या. नवीन क्राउन-पिनियन बसवला तर पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा, आणि ८०० किलोमीटरला तेल बदला.

प्रश्न : थारने चोरलला गेलो होतो, पाण्यात सायलेन्सर बुडेपर्यंत गाडी होती. मागच्या डिफचं काही बघायचं का? परफॉर्मन्स कार नाहीये माझी पण विचारतो. (महू)

उत्तर : विचारलंत ते फार बरं केलंत, आणि लवकर बघा. रस्त्यावरून तापून आलेला डिफ एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढून घेते. भरायचा बोल्ट उघडून बोटाला तेल लावून बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. मग एकदा बदलून भागत नाही, काढा, ताजं भरा, ३०-४० किलोमीटर चालवून परत काढा आणि परत भरा. पाण्याचं तेल दोन आठवडे ठेवलं की बेअरिंगला गंज चढतो. पुढच्या मान्सूनच्या आधी ब्रीदरची नळी लांब करून वर बांधून घ्या, खर्च किरकोळ आहे.

प्रश्न : दादा, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांनी जुनी बीएमडब्ल्यू ३२५आय घेतलीये, ई९०. मला आणि माझ्या भावाला मागच्या डिफचं तेल घरीच बदलायचंय. बाबा हो म्हणालेत पण तुम्हाला विचारून करा म्हणाले. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांग. तुझं पत्र वाचून खूप आनंद झाला ताई, अशी कामं स्वतःच्या हाताने केलेला इंजिनिअर वेगळाच तयार होतो. आता नीट वाच, क्रम बदलू नकोस.

सगळ्यात आधी गाडीखाली कशी जाणार ते ठरवा. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जायचं नाही, कधीच नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही. चार घोड्या (जॅक स्टँड) लागतील, पक्क्या फरशीवर, मातीवर नको. चार का, तर गाडी पुढून-मागून सपाट असली तरच लेव्हल बरोबर येते, नुसती मागून उचलली तर तेल पुढे सरकतं आणि चुकीचं भरलं जातं. एवढ्या घोड्या नसतील तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून एक तास लिफ्ट भाड्याने घ्या, मी तर तेच करा म्हणेन.

गाडी आधी १०-१५ किलोमीटर चालवून आणा. बायपासला एक चक्कर पुरे. तेल कोमट झालं की सोबत बारीक कचरा घेऊन खाली येतं. फार तापलेलं नको, हात भाजतील, हातमोजे घालाच.

मग हे पाठ करून ठेव : भरायचा बोल्ट आधी उघडायचा. खालचा ड्रेन आधी नाही. कारण वरचा बोल्ट वर्षानुवर्षं उघडलेला नसतो, खालून तेल सोडून दिलं आणि वरचा अडकला नाहीतर त्याचं तोंड गोल झालं तर रिकाम्या डिफची गाडी घरात उभी राहते, टो करून न्यावी लागते. या गाड्यांना बहुतेक १४ एमएमची ॲलन चावी लागते. बोल्टच्या खाचेत मातीचा चिखल वाळून बसलेला असतो, तो आधी सुईने किंवा बारीक पेचकसने पूर्ण कोरून काढा म्हणजे ॲलन तळापर्यंत बसेल, मग एकदम झटका न देता लांब दांड्याने जोर लावा. खाली ड्रेनचा बोल्ट आहे का तेही बघून ठेव, ई९०च्या काही वर्षांच्या गाड्यांना तो नाहीये, मग तेल वरूनच पंपाने ओढावं लागेल.

तेल निघायला लागलं की गप्पा मारत बसा, अर्धा तास द्या, थेंब थेंब थांबेपर्यंत. वासावर लक्ष दे, गंधकाचा वास असणारच, पण जळकट वास असेल तर नोंद करून ठेव. बोल्टला चुंबक असेल तर तो हा सगळ्या कामाचा खरा रिपोर्ट आहे. काजळासारखा मऊ करडा लेप असेल आणि बोटात चोळल्यावर खडा लागत नसेल तर उत्तम, ती रोजची झीज आहे. सुईच्या टोकासारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला तर तेल भरून गाडी गॅरेजपर्यंतच न्यायची, पुढे नाही. पुसून साफ कर, नवीन वॉशर लाव (जुना दाबून चपटा झालेला असतो, तोच लावला तर झिरपतो), आणि ड्रेन मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळ, डिफचं झाकण ॲल्युमिनियमचं असेल तर आटे सहज जातात.

तेलाचं म्हणशील तर तुझ्या गाडीचा डिफ ओपन आहे, लिमिटेड स्लिप नाही, मॉडिफायरची गरज नाही. चांगलं सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० जीएल-५, कंपनीने सांगितलेल्या ॲप्रूव्हलचं. आधीच्या मालकाने काही बदललंय अशी शंका असेल तर मागची दोन्ही चाकं हवेत असताना गिअर न्यूट्रलला टाकून एक चाक हाताने फिरव. दुसरं उलटं फिरलं तर ओपन (टॉरसेनवाला, म्हणजे प्लेटांऐवजी गिअरवर चालणारा लिमिटेड स्लिप, पण असाच वागतो, पण तो या गाडीत कंपनीने दिलेला नाही), त्याच दिशेने फिरलं तर आत प्लेटवाला कोणीतरी बसवलाय आणि मला परत लिहा. सीलबंद डबा मोठ्या डीलरकडून घ्या, सुटं तेल घेऊ नका, बिल मागा.

भरताना मोठी सिरिंज किंवा हातपंप वापरा, हळू हळू, आणि भरायच्या भोकातून तेल आपोआप ओघळायला लागलं की थांबा. पाच मिनिटं थांबून परत थोडं भर, परत ओघळू दे, मग बोल्ट लाव. जास्त कोंबायचं नाही, जास्त तेल ब्रीदरमधून आणि सीलमधून वाट काढतंच.

जुनं तेल ज्या डब्यातून नवीन आलं त्यातच ओता. नालीत नाही, कचऱ्याच्या गाडीत पण नाही. २०१७ पासून स्वच्छतेत आपलं इंदूर पहिलं येतंय ते घराघरात वेगळा केलेल्या कचऱ्यावर, आणि तेल जमिनीत गेलं की बोअरिंगच्या पाण्यापर्यंत पोचतं. ज्या गॅरेजचं जुनं तेल नोंदणी असलेला रिसायकलर उचलतो तिथे देऊन या, वर मार्करने "वापरलेलं गिअर ऑइल" लिहा म्हणजे कोणी चुकून भरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब पडलाय का बघ, ५०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा दोन्ही बोल्टांवर बोट फिरव. आणि चुंबकाचा पुसायच्या आधीचा फोटो उजेडात काढून मला पाठव, मी बघून सांगतो.